तराजू कुत्र्याचा, औषध माणसाचं

१८३९ साल. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका तिशीतल्या आयरिश डॉक्टरने मध्यम चणीच्या एका कुत्र्याला दहा ग्रेन नेपाळी चरस स्पिरिटमध्ये विरघळवून पाजला. दहा ग्रेन म्हणजे आपल्या हिशेबात साधारण साडेसहाशे मिलिग्रॅम. अर्ध्या तासात कुत्रं सुस्तावलं. मधूनच डुलकी, मधूनच दचकून उठणं, आणि शेपटी तर अशी हलवतंय की जगात सगळं कसं छान चाललंय. समोर ठेवलेलं अन्न त्याने अधाशासारखं खाल्लं. हाक मारली तर झोकांड्या खात आलं, तोंडावर अगदी गुत्त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा भाव. हे साधारण दोन तास चाललं, मग हळूहळू ओसरलं. सहा तासांनी कुत्रं पुन्हा टुणटुणीत.

या डॉक्टरचं नाव विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी. जन्म १८०९, लिमरिक. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं, पण या माणसाचा उद्योग बघितला की थक्क व्हायला होतं. कलकत्त्याला येण्याआधी, १८३१-३२ च्या इंग्लंडमधल्या पटकीच्या साथीत याने रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात, ते परत भरून द्यायला हवेत. आज आपण ज्याला 'सलाईन लावणं' म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. आणि ज्या १८३९ मध्ये तो कुत्र्याला चरस पाजत होता, त्याच वर्षी कलकत्त्याजवळ तारा ताणून विजेने संदेश पाठवायचे प्रयोगही करत होता. पुढे १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन त्यानेच टाकली आणि नंतर हिंदुस्थानच्या तार खात्याचा तो पहिला प्रमुख झाला. म्हणजे आमच्यासारख्या नेटवर्कवर पोट भरणाऱ्यांचा तसा मूळ पुरुषच म्हणायचा. असो, तारायंत्रावर नंतर कधीतरी सवडीने लिहीन. आज विषय कुत्र्याचा आहे.

विषय डोक्यात येण्याचं कारण असं. गेली काही वर्षं ओळखीपाळखीतले लोक विचारतात, "अरे, आमच्या लॅब्राडॉरचे मागचे पाय गेलेत, त्याला ते सीबीडीचं तेल द्यावं का?" कुणाच्या कुत्र्याला फिट येतात, कुणाचं दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखालून बाहेर येत नाही. अमेरिकेत ही तेलं दुकानात मिळतात, भारतात 'विजया' या आयुर्वेदिक नावाखाली ऑनलाइन मिळतात. आणि विकणारे हमखास सांगतात की भांगेचा औषधी उपयोग हजारो वर्षं चालत आलाय. माणसांपुरतं ते खरंच आहे. पण कुत्र्यांचं काय? मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणं माझं काम नाही. पण इतिहास वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. तो वाचत गेलो तसं एक मजेदार (आणि कुत्र्यांच्या बाजूने बघितलं तर फारसं मजेदार नसलेलं) चित्र दिसायला लागलं. भांगेच्या वैद्यकाच्या इतिहासात कुत्रा जवळजवळ पहिल्या पानापासून आहे. फक्त तो रोगी म्हणून नाही, मोजमापाचं यंत्र म्हणून आहे.

तर पुन्हा कलकत्त्याला. ओ'शॉनेसीने प्रयोग करण्याआधी विचारपूस केली, ही त्याची मला आवडलेली गोष्ट. पंडित मधुसूदन गुप्त (मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन करून जुन्या विटाळाच्या कल्पनेला धक्का देणारे तेच ते), एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार, तेहरानचे हकीम मिर्झा अब्दुल रझीस, हुगळीचे सय्यद करामत अली, अशा लोकांकडून त्याने संस्कृत, फारसी, अरबी ग्रंथांत भांग-गांजाबद्दल काय म्हटलंय ते समजून घेतलं आणि आपल्या निबंधात त्यांची नावं घालून उपकार मानले. मग प्राण्यांवर प्रयोग, आणि त्यानंतर रोगी. त्या काळाच्या मानाने ही शिस्त मोठीच.

प्राण्यांच्या प्रयोगांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. कुत्रा, मांजर, डुक्कर, गिधाड, कावळा, मासा, म्हणजे मांस खाणारे किंवा मिळेल ते खाणारे जीव, यांना नशा झटकन आणि हमखास चढते. घोडा, हरीण, बकरी, मेंढी, गाय, माकड यांना कितीही दिलं तरी फारसा फरक पडत नाही. का ते त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. पण कुत्र्याला भांग लवकर आणि जोरात लागते ही नोंद तेव्हाच झाली. पुढची सगळी गोष्ट या एका निरीक्षणावर उभी आहे.

रोग्यांवर त्याने गांजाचा अर्क संधिवात, पटकी, धनुर्वात आणि लहान मुलांच्या आकडीवर वापरला. आणि पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एका हकिमावरही. हकीम अब्दुल्ला त्यांचं नाव. चावून तीन आठवडे झाले होते, पाण्याच्या नुसत्या दर्शनाने घशाला झटके येत होते. अर्काच्या गोळ्यांनी ते झटके इतके शमले की रोगी संत्र्याचा रस चोखू शकला, थोडं खाऊ शकला. जीव वाचला नाही, वाचणार नव्हताच. पाश्चरची लस यायला अजून ४६ वर्षं होती. पण मरण थोडं सुसह्य झालं, आणि हे त्याने प्रामाणिकपणे तसंच लिहिलं. बरा केला असा दावा नाही.

१८४१-४२ च्या सुमारास तो इंग्लंडला परतला तेव्हा बरोबर गांजा घेऊन गेला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्याचा दारूतला अर्क तयार केला. बघता बघता भांग युरोप-अमेरिकेच्या औषधपेट्यांत जाऊन बसली. अर्धशिशी, खोकला, झोप, पाळीची दुखणी, सगळ्याला चालायची.

आणि इथे गोची झाली. अफूतून मॉर्फिन निघालं होतं, सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन निघालं होतं. ही स्फटिकरूपी द्रव्यं वजन करून देता येत होती. भांगेतून मात्र निघायचा तो काळपट, चिकट राळेसारखा गोळा. त्यात काम करणारं द्रव्य कोणतं, किती, कुणालाच माहीत नाही. एका बाटलीने रोगी छान झोपायचा, दुसऱ्या बाटलीने काहीच व्हायचं नाही, तिसरीने रोगी दिवसभर भिंतीशी गप्पा मारायचा. लेबल तिन्हीवर एकच. बंगालमधून जहाजाने येईपर्यंत माल जुना व्हायचा, जोर उतरायचा. डॉक्टर वैतागले नसते तरच नवल.

आमच्या धंद्यात अशा वेळी 'ब्लॅक बॉक्स टेस्टिंग' करतात. आत काय आहे कळत नाही ना, मग इनपुट द्या आणि आउटपुट बघा. औषध कंपन्यांनी नेमकं हेच केलं आणि त्यांचा ब्लॅक बॉक्स होता कुत्रा.

१८९९ मध्ये वॉल्टर डिक्सन या इंग्रज औषधशास्त्रज्ञाने कुत्र्या-मांजरांवर भांगेचा परिणाम बारकाईने लिहून ठेवला. त्यात कुत्र्याची एक खासियत नीट पकडली गेली. भांग दिलेलं कुत्रं नुसतं चालताना अडखळत नाही, ते एका जागी उभं राहिलं तरी डुलतं. पाय फाकवून उभं, अंग पुढे-मागे हेलकावतंय, पडतंय पडतंय म्हणेपर्यंत दचकून सावरतं, पुन्हा डुलतं. असं इतर प्राण्यांत इतकं स्पष्ट दिसत नाही. मग डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीत ई. एम. हॉटन आणि एच. सी. हॅमिल्टन या दोघांनी या डुलण्याचंच मोजमाप केलं. पद्धत साधी. फॉक्स टेरियरसारखी चपळ जातीची कुत्री निवडायची, कारण मुळातच सुस्त असलेल्या कुत्र्यात फरक कळणार कसा? आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायची. एकाला माहितीच्या, खात्रीच्या अर्काची मात्रा द्यायची, दुसऱ्याला नव्या बॅचची. मग बसायचं बघत. तासाभरात डुलायला लागतात. दोघं सारखी डुलली तर बॅच पास. कमी डुललं तर अर्क कमजोर, जास्त डुललं तर पातळ करा. नंतर कुत्र्यांची अदलाबदल करून खात्री करायची. कॅलिब्रेशन, कंट्रोल, क्रॉसओव्हर, सगळं आलं त्यात. पद्धत म्हणून मला ती सुंदर वाटते. ती कुत्री आयुष्यात कितीदा डुलली असतील, याचा विचार केला की तेवढी सुंदर वाटत नाही.

या दोघांनी आणखी एक प्रयोग केला तो वाचताना मी तो परिच्छेद दोनदा वाचला. भांगेने जीव जायला किती मात्रा लागते हे त्यांना बघायचं होतं. २५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११ किलोच्या एका कुत्र्याला त्यांनी थेट मानेच्या शिरेत दोन औंस जोरदार अर्क टोचला. मरणार याची खात्री होती. कुत्रं जवळजवळ दीड दिवस बेशुद्ध पडलं आणि मग उठून पूर्ण बरं झालं. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, तसं त्यांनी १९०८ च्या आपल्या लेखात लिहिलंय. त्याच लेखात अमेरिकेत पिकवलेली भांग हिंदुस्थानी भांगेच्या तोडीस तोड असल्याचा निर्वाळाही आहे. म्हणजे बंगालच्या मालाची मक्तेदारी मोडली तीसुद्धा कुत्र्यांच्या साक्षीने!

१९१६ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशाच्या नवव्या आवृत्तीत ही कुत्र्यांची परीक्षा भांगेसाठी अधिकृत झाली. माणसांच्या औषधाची ताकद सरकारमान्य पुस्तकाप्रमाणे कुत्रं किती डुललं यावर ठरायला लागली.

आता प्रश्न असा की एवढ्या सगळ्या काळात जनावरांना औषध म्हणून भांग कुणी दिलीच नाही का? दिली की. पण ती मुख्यतः घोड्यांना आणि गुरांना. अमेरिकेत घोड्यांच्या पोटशुळावर मिळणाऱ्या तयार औषधांत भांगेचा अर्क असायचा. शेती, टपाल, सैन्य, सगळं घोड्यावर चाललेलं, त्यामुळे घोड्याचं पोट ही राष्ट्रीय समस्या होती. आणि हिंदुस्थानात १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने जो 'इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन' नावाचा आयोग नेमला, त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि खंडच्या खंड अहवाल छापला. (स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो स्कॅन करून ठेवलाय. एखादा रिकामा रविवार असेल तर जरूर चाळा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतीचीसुद्धा माहिती त्यात सापडते.) त्यातल्या साक्षींत पुन्हा पुन्हा येतं की गावोगाव बैलांना, म्हशींना, घोड्यांना भांग देतात. थकवा घालवायला, जुलाब थांबवायला, ताकद यावी म्हणून. गाय-बैलाला भांग फारशी चढत नाही, हे ओ'शॉनेसीचं निरीक्षण आठवा. आपल्या शेतकऱ्याला ते पिढ्यान्पिढ्या माहीत असणार.

मात्र कुत्रा या यादीत कुठेच ठळकपणे दिसत नाही. यात नवलही नाही. बैल आजारी पडला तर नांगर थांबतो, घोडा आजारी पडला तर टांगा. गावातल्या कुत्र्यासाठी औषध शोधायला कोण जाणार? पाळीव कुत्र्याला घरचं माणूस मानून त्याच्या गुडघ्यांवर पैसे खर्च करणं ही फार अलीकडची गोष्ट आहे. तेव्हा 'हजारो वर्षांचं ज्ञान' घोड्या-बैलांबाबत थोडंफार चालेल, कुत्र्यांबाबत ती शुद्ध थाप आहे.

पुढे राजकारण आलं. १९३७ मध्ये अमेरिकेने भांगेवर कर लावणारा कायदा केला. बंदी नाव न घेता केलेली बंदीच होती ती. डॉक्टर आणि दंतवैद्यांच्या जोडीला गुरांच्या डॉक्टरांनाही वर्षाला एक डॉलर भरून नोंदणी करावी लागायची. डॉलर किरकोळ, पण कागदपत्रं आणि चुकल्यास शिक्षा एवढी की कुणी त्या वाटेला जाईना. १९४२ मध्ये औषधकोशातून भांग काढूनच टाकली.

पण त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञांनी काळ्या गोळ्यात हात घातला होता, आणि माझ्या मते या कथेतला सगळ्यात रंजक भाग हा आहे. १९४० मध्ये इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी भांगेतून एक द्रव्य वेगळं केलं, कॅनाबिडिऑल. म्हणजेच आजचं सीबीडी. आता ते काम करतं की नाही हे कसं बघायचं? यंत्र एकच होतं. झिगफ्रीड लोवे हे औषधशास्त्रज्ञ ॲडम्स यांची द्रव्यं कुत्र्यांना देऊन बघायचे. सीबीडी दिलं. कुत्रं डुललं नाही. निष्कर्ष: या द्रव्यात भांगेचा गुण नाही.

निष्कर्ष चूक नव्हता. 'भांगेचा गुण' याची व्याख्याच 'कुत्रं डुलणं' अशी होती, आणि त्या व्याख्येप्रमाणे सीबीडी नापास झालं. टेस्ट केस ज्या गोष्टीसाठी लिहिली आहे तेवढीच गोष्ट ती पकडते, हे प्रोग्रामिंग करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. वेदना कमी होते का, आकडी थांबते का, हे कुणी त्या कुत्र्यांत बघितलंच नाही. त्यामुळे आज जे तेल लोक कुत्र्यांसाठीच विकत घेतात, त्यातलं मुख्य द्रव्य कुत्र्यांच्याच परीक्षेत नापास होऊन कपाटात जाऊन बसलं.

१९६३ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांनी सीबीडीची नेमकी रचना सांगितली, आणि १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्याबरोबर टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं. नशा आणणारं द्रव्य ते हेच. शंभराहून अधिक वर्षं कुत्री ज्याने डुलत होती ते शेवटी बाटलीत सापडलं, आणि आता ते वजन करून मोजता येत होतं.

मग डुलण्याचं कोडं सुटायला आणखी पंचवीस वर्षं लागली. १९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी मेंदूत टीएचसीसारख्या द्रव्यांना धरून ठेवणारा रिसेप्टर असल्याचं दाखवलं, म्हणजे कुलूप सापडलं. १९९२ मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेली किल्ली सापडली. तिचं नाव त्यांनी आनंदमाइड ठेवलं, आपल्या 'आनंद' वरून. मधल्या १९९० मध्ये माइल्स हर्कनहॅम यांच्या चमूने माणूस, माकड, कुत्रा, उंदीर अशा वेगवेगळ्या मेंदूंत ही कुलुपं कुठे कुठे आहेत याचा नकाशा काढला. कुत्र्याच्या लहान मेंदूत, म्हणजे शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागात, ती खच्चून भरलेली आढळली. माणसाच्या लहान मेंदूतही आहेत, पण कुत्र्याइतकी नाहीत. म्हणून भांग प्यालेला माणूस आधी हसतो, बोलतो, भलतंच काही बघतो, आणि कुत्र्याचा आधी तोल जातो. आणि श्वास व हृदय चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्याशी ही कुलुपं विरळ आहेत. हॉटन-हॅमिल्टनचं ते अकरा किलोचं कुत्रं दीड दिवसाने उठून का बसलं, त्याचं उत्तर बहुधा इथे आहे.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ज्या गुणामुळे कुत्रा टीएचसी मोजायचं इतकं चांगलं यंत्र ठरला, त्याच गुणामुळे टीएचसी कुत्र्याला त्रासदायक आहे. त्याला ती 'मजा' नसते. माणसाला निदान आपण काय घेतलंय हे ठाऊक असतं. कुत्र्याला एवढंच कळतं की जमीन हलायला लागली.

सीबीडीचं तसं नाही, म्हणून कुत्र्यांच्या उपचारांची चर्चा सीबीडीभोवती फिरते. पण इथेही घाई नको. १९८८ मध्येच मेशुलाम यांच्या सहकाऱ्यांनी सहा कुत्र्यांना तोंडाने सीबीडी देऊन बघितलं होतं. तिघांच्या रक्तात ते दिसलंच नाही आणि उरलेल्या तिघांत दिलेल्यापैकी १३ ते १९ टक्केच पोचलं. बाकीचं यकृताने वाटेतच संपवलं. हा आकडा माहीत असूनही पुढची तीस वर्षं आजारी कुत्र्यांवर धड चाचणी झाली नाही. कायदाच आड येत होता. कुत्र्याला रोगी मानून पहिली नीट चाचणी छापून आली ती २०१८ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातून. सांधे झिजलेली १६ कुत्री, दर किलोमागे २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चार आठवडे. मग मध्ये विश्रांती आणि नुसतं तेल. कधी काय चाललंय हे मालकालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सीबीडीच्या काळात वेदना कमी दिसल्या. रक्तात यकृताचं एक एन्झाइम मात्र वाढलं.

मग झालं की काम? नाही ना. २०२१ मध्ये कोलोरॅडोत अशीच चाचणी झाली, त्यात कुत्रं पायावर किती भार देतं हे यंत्राने मोजलं, आणि फरक सापडला नाही. फिट येणाऱ्या कुत्र्यांवर २०१९ मध्ये कोलोरॅडोतच स्टेफनी मॅक्ग्राथ यांनी केलेल्या चाचणीत फिटांची संख्या साधारण ३३ टक्क्यांनी घटली. पण ज्यांच्या फिटा निम्म्याने कमी झाल्या अशी कुत्री सीबीडीच्या गटात आणि नुसत्या तेलाच्या गटात साधारण सारखीच निघाली. २०२३ मध्ये ५१ कुत्र्यांवर, मात्रा वाढवून, पुन्हा बघितलं. फायदा दिसला, पण माफक.

'नुसत्या तेलानेही बरं वाटलं' हे कुत्र्याच्या बाबतीत विचित्र वाटतं ना? कुत्र्याला काय माहीत बाटलीत काय आहे! पण फॉर्म कुत्रं भरत नाही, मालक भरतो. २०१२ मध्ये कॉन्झेमियस आणि इव्हान्स यांनी फक्त खोटं औषध मिळालेल्या, लंगडणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला. भार मोजणारं यंत्र 'काही सुधारणा नाही' म्हणत असतानाही निम्म्याहून अधिक वेळा मालकांना कुत्रं सुधारलेलं दिसलं. डॉक्टरांचंही थोड्याफार फरकाने तेच. आपलं म्हातारं कुत्रं जिना चढताना थांबतं तेव्हा आपल्यालाच ते बघवत नाही, आणि चार थेंब घातल्यावर आपल्यालाच हलकं वाटतं. यात वाईट काही नाही. पण त्या समाधानाच्या नादात खरंखुरं वेदनाशामक औषध बंद केलं तर ते दुखणं कुत्र्याला भोगावं लागतं, आणि ते बोलत नाही. म्हणून मित्रांना मी एवढंच सांगतो की डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका, आणि फिटांच्या गोळ्या चालू असतील तर तेल देताय हे लपवू नका, कारण दोन्ही निस्तरणारं यकृत एकच आहे.

विचारायचं तर डॉक्टर बोलायला हवा, हाही एक घोळ होता. अमेरिकेत कित्येक वर्षं व्हेट लोक या विषयावर तोंड उघडायला घाबरायचे, लायसन्स जाईल म्हणून. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये खास कायदा करून त्यांना निदान चर्चा करायची मुभा दिली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं आणि बिया त्याबाहेर आहेत. म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत उरली, आणि महाराष्ट्रात तिला महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. या फटीतून 'विजया'ची बाजारपेठ उभी राहिली आहे. आणि एक लक्षात घ्या, पान म्हणजे निव्वळ सीबीडी नव्हे. भांगेच्या पानात टीएचसी असतं. बाटलीवर टीएचसी किती हे प्रयोगशाळेच्या दाखल्यासकट लिहिलेलं नसेल तर ती बाटली १८९० सालची आहे असं समजायला हरकत नाही.

टीएचसीने काय होतं त्याचे आकडे कोलोरॅडोतून आले. तिथे वैद्यकीय गांजाच्या परवान्यांची संख्या वाढत गेली त्या काळात, २००५ ते २०१० मध्ये, दोन पशुरुग्णालयांत गांजाची बाधा झालेल्या कुत्र्यांचं प्रमाण चौपट झालं. अभ्यासात १२५ कुत्री होती. दोन मेली, दोन्ही गांजाचं लोणी घातलेला केक-बिस्किटांसारखा खाऊ खाऊन. त्यात बऱ्याचदा चॉकलेट किंवा मनुका असतात, तेही कुत्र्याला विषच. आपल्याकडे होळीला गल्लीतल्या कुत्र्याला थंडाई पाजून गंमत बघणारे महाभाग असतात. ते ओ'शॉनेसीचाच प्रयोग पुन्हा करतात, फक्त दहा ग्रेन मोजत नाहीत आणि सहा तास थांबत नाहीत.

अशा कुत्र्याला दवाखान्यात नेलं की पहिला प्रश्न असतो, "घरात गांजा-भांग काही होतं का?" आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा "छे छे, आमच्याकडे कुठलं!" मग वाटतं की चला, लघवी तपासू. माणसांसाठी असतात तशा पट्ट्या मिळतात. पण त्या पट्ट्या माणसाच्या लघवीतल्या द्रव्यांसाठी बनवलेल्या, त्यामुळे कुत्र्याने गांजा खाल्लेला असतानाही त्या अनेकदा 'नाही' म्हणतात. म्हणून अनुभवी व्हेट पट्टीच्या भरवशावर राहत नाही. तो कुत्र्याला टेबलावरून खाली जमिनीवर उभं करतो आणि दोन मिनिटं नुसतं बघतो. पाय फाकलेत का, लघवी थेंब थेंब गळतेय का, तोंडापुढे हात नेला की दचकून मागे सरतंय का, आणि जागच्या जागी डुलतंय का.